सौमनस्य कोणी राखावयाचे? : मातेचा मनस्ताप, कॉर्टिसॉल आणि गर्भ

प्रस्तावना

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील यज्जःपुरुषीय अध्यायात निरनिराळ्या कार्यांत श्रेष्ठ ठरणाऱ्या भावांची जी यादी दिली आहे, तीत गर्भधारणा घडवून आणणाऱ्या भावांमध्ये सौमनस्यास अग्रस्थान दिले आहे. आपणां वैद्यांस हे वचन पाठ असते. व्याख्यानांतून, चिकित्सालयांच्या भिंतींवरून आणि गर्भसंस्काराच्या पुस्तिकांतून ते वारंवार भेटते. मानसिक ताण आणि त्याचे अंतःस्राव यांवरील आधुनिक संशोधनाने या वचनास पुष्टी दिली, असेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु हे वचन चिकित्सालयातून निघून रुग्णेच्या घरी पोहोचते तेव्हा तेथे त्याचे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे विवाहास सहा वर्षे झालेले एक दांपत्य आले. सोबत सासूबाई होत्या. स्त्रीची पाळी तीन-तीन, चार-चार महिने लांबत असे. वजन उतरले होते, झोप तुटक होती. पूर्वीच्या चिकित्सकांनी तपासण्या पाहून "टेन्शन घेऊ नका, दिवस राहतील" असे सांगितले होते. मी प्रश्न विचारण्यापूर्वीच सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिला किती वेळा सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस म्हणून. ही ऐकतच नाही. मग दिवस कसे राहणार?" स्त्री मान खाली घालून बसून होती. तिच्याशी एकटीशी बोलणे झाले तेव्हा उलगडा झाला. पहाटे साडेचारला उठणे, सर्वांचे डबे, मग नोकरी, परत आल्यावर स्वयंपाक आणि रात्री अकराच्या सुमारास उरलेसुरले जेवण. पाळी लांबली की घरात आशा, आणि आली की अबोला. शेवटी ती म्हणाली, "डॉक्टर, आता मला टेन्शन येतं याचंच टेन्शन येतं."

शास्त्राने सांगितलेले सौमनस्य या स्त्रीपर्यंत एक आरोप होऊन पोहोचले होते. म्हणून ताणाचे अंतःस्राव बीजोत्सर्गावर आणि गर्भावर नेमके कसे कार्य करतात, त्यातील सिद्ध काय आणि अतिशयोक्त काय, आणि सौमनस्य राखण्याचे कर्तव्य शास्त्राने कोणावर सोपविले आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संहितांतील विचार

चरक शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, संतती होण्यास समर्थ असलेल्या स्त्रीसही गर्भ विलंबाने का राहतो याची कारणे दिली आहेत. योनिदोष, मनाचा अभिताप, शुक्र व आर्तव यांची दुष्टी, आहारविहारातील दोष, अकाली समागम आणि बलक्षय ही ती कारणे होत. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. मनोऽभिताप हे कारण स्वतंत्रपणे सांगितले आहे. परंतु ते सहांपैकी एक आहे, एकमेव नाही. शिवाय त्याच यादीत शुक्रदोषही आहे. केवळ स्त्रीच्या मनास दोष देऊन थांबणारा चिकित्सक उरलेली पाच कारणे न पाहताच निदान करीत असतो.

गर्भाविषयी बोलताना चौथ्या अध्यायात आचार्य सांगतात की, तिसऱ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि ते मातेच्या हृदयाशी रसवाहिनींच्या द्वारे जोडलेले असते. म्हणून ती द्विहृदया होय आणि म्हणून तिच्या दौहृदाचा अव्हेर करू नये. सुश्रुताचार्य हेच चौथ्या महिन्यात सांगतात. आठव्या अध्यायातील गर्भोपघातकर भावांत नित्य शोक करणाऱ्या मातेचे अपत्य भित्रे, कृश किंवा अल्पायुषी होते असे म्हटले आहे.

याच आठव्या अध्यायात गर्भिणीच्या परिचर्येसाठी काठोकाठ भरलेल्या तैलपात्राचा दृष्टांत येतो. पात्र हिंदकळू न देता जसे न्यावे, तशी तिची परिचर्या व्हावी, असा त्याचा आशय आहे. हा दृष्टांत आपण बहुधा गर्भिणीस ऐकवतो : "सांभाळून राहा." पण वाक्याची रचना पाहावी. गर्भिणी ही 'उपचर्या' आहे, म्हणजे जिची परिचर्या करावयाची ती. आणि हिंदकळू न देण्याची क्रिया ज्याच्याकडे सोपविली आहे तो तृतीया विभक्तीत आलेला परिचारक आहे. पात्राने स्वतःला सांभाळावयाचे नसून वाहणाऱ्याने ते सांभाळावयाचे आहे. अप्रिय गोष्टी अतिमात्र ऐकणे हे गर्भास हानिकारक सांगितले आहे, तेथेही ऐकणारी गर्भिणी असली तरी बोलणारा दुसराच असतो. दौहृदाचा अव्हेर करणाराही दुसराच.

ताणाचे शारीर

हान्स सेल्ये यांनी १९३६ साली 'नेचर' नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, इजा, अतिश्रम, विष अशी अगदी भिन्न कारणे असली तरी शरीराची प्रतिक्रिया एका ठराविक स्वरूपाची असते, हे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. आज या प्रतिक्रियेचे दोन मार्ग आपणांस ज्ञात आहेत. पहिला शीघ्र मार्ग अनुकंपी चेतासंस्थेचा. त्यात ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन काही क्षणांत स्रवतात. दुसरा मंद मार्ग हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीचा. हायपोथॅलॅमसमधून सी.आर.एच. स्रवतो, त्यामुळे पिट्युटरीतून ए.सी.टी.एच. आणि त्याच्या प्रेरणेने अधिवृक्काच्या बाह्यभागातून कॉर्टिसॉल स्रवते. पुरेसे कॉर्टिसॉल झाले की ते वरच्या दोन्ही स्थानांस थांबण्याचा संदेश देते.

कॉर्टिसॉल हे विष नव्हे. पहाटे आपणांस जाग येते त्यात त्याचा वाटा असतो, आणि गर्भाची फुप्फुसे पक्व होण्यासाठी तर ते अत्यावश्यक असते. लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ साली अकाल प्रसवाच्या संभवात मातेस बीटामेथॅसोन देऊन नवजातांतील श्वासावरोध कमी करता येतो हे दाखविले, ते याच तत्त्वावर. दोष उत्पन्न होतो तो स्राव अवेळी, अतिमात्र किंवा दीर्घकाळ राहिल्याने. काल, मात्रा आणि सातत्य यांचा हा विचार वैद्यास नवा नाही.

ताण आणि बीजोत्सर्ग

प्रजननाची साखळीही हायपोथॅलॅमसपासूनच सुरू होते. तेथून जी.एन.आर.एच. हा स्राव अखंड न वाहता स्पंदांच्या रूपाने येतो. पाळीनंतरच्या पूर्वार्धात साधारण ६० ते ९० मिनिटांस एक स्पंद. या लयीवरच पिट्युटरीतील एल.एच. व एफ.एस.एच. यांचे स्राव, बीजपुटकाची वाढ आणि बीजोत्सर्ग अवलंबून असतात. सी.आर.एच., मेंदूतील अंतर्जात अफूसदृश द्रव्ये आणि कॉर्टिसॉल ही तिन्ही या लयीस मंद करतात. किसपेप्टिन नावाचे प्रथिन स्रवणाऱ्या चेतापेशी जी.एन.आर.एच.ला चालना देतात. ताणाचा व उपासमारीचा परिणाम या पेशींवरही होतो. स्पंद विरळ झाले की प्रथम उत्तरार्धातील प्रोजेस्टेरॉन अपुरे पडते, पुढे बीजोत्सर्ग थांबतो आणि शेवटी पाळीच बंद होते. यास हायपोथॅलॅमसजन्य क्रियात्मक अनार्तव म्हणतात.

येथे ताण हा शब्द व्यापक अर्थाने घेणे आवश्यक आहे. मनस्ताप, अपुरा आहार आणि अतिश्रम ही तीन कारणे बहुधा एकत्र आढळतात. शरीरातील मेद घटला की लेप्टिन घटते आणि तेही जी.एन.आर.एच.च्या स्पंदांस बाधक ठरते. स्वतःचे पोषण होत नसताना दुसऱ्या जिवाचा भार शरीराने स्वीकारू नये, अशी ही निसर्गयोजना दिसते. चरकांनी मनोऽभितापाच्या जोडीस आहारविहारदोष व बलक्षय ठेवले आहेत, त्याचा अर्थ यावरून स्पष्ट होतो. वर उल्लेखिलेल्या रुग्णेच्या बाबतीत तिन्ही कारणे उपस्थित होती. तिला सांगितले गेले होते ते फक्त एकच.

सेरा बर्गा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या दृष्टीने उल्लेखनीय आहे. अशा अनार्तवाच्या १६ स्त्रियांपैकी ८ जणींस २० आठवडे विचार व वर्तन यांवर आधारित समुपदेशन दिले आणि ८ जणींचे केवळ निरीक्षण केले. पहिल्या गटातील ७ जणींत बीजकोशाचे कार्य पूर्णतः वा अंशतः परतले. दुसऱ्या गटात २ जणींत. संख्या लहान आहे हे मान्य केले तरी, कोणतेही अंतःस्रावी औषध न देता हे घडले, ही गोष्ट महत्त्वाची ठरते. त्या स्त्रियांस 'काळजी करू नका' एवढेच सांगितले गेले नव्हते; आहार, श्रम आणि स्वतःकडून असलेल्या अवाजवी अपेक्षा यांत पद्धतशीर बदल घडवून आणण्यास त्यांना साह्य केले गेले होते.

एक आवश्यक मर्यादा

वरील विवेचनावरून वंध्यत्वाचे मूळ सर्वत्र मनातच आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अमेरिकेत मिशिगन व टेक्सास येथे २००५ ते २००९ या काळात ५०१ दांपत्यांची नोंदणी करून एक अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. लाळेतील अल्फा-अमायलेज हा अनुकंपी चेतासंस्थेच्या उत्तेजनाचा निर्देशक ज्या स्त्रियांत सर्वाधिक होता, त्यांची गर्भधारणेची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळली. परंतु त्याच अभ्यासात लाळेतील कॉर्टिसॉलशी असा संबंध दिसला नाही. दुसरीकडे, बोइव्हिन व सहकाऱ्यांनी २०११ साली १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारापूर्वी स्त्री किती चिंताग्रस्त होती यावर उपचाराचे यश अवलंबून नव्हते, असे त्यातून निघाले.

या दोहोंचा मेळ असा घालता येईल. दीर्घ व तीव्र ताण, विशेषतः आहारन्यूनता व श्रमासहित, बीजोत्सर्गाची लय बिघडवू शकतो. परंतु ज्या स्त्रीस नियमित बीजोत्सर्ग होतो, तिला दिवस न राहण्याचे कारण तिची चिंता आहे असे म्हणण्यास आधार नाही. नलिकांचा अवरोध, गर्भाशयाच्या अंतःस्तराचे विकार, थायरॉइड व प्रोलॅक्टिनचे दोष, पी.सी.ओ.एस. आणि पुरुषाचे शुक्रपरीक्षण हे सर्व पाहिल्यावाचून मनाकडे बोट दाखवू नये. पतीचे शुक्रपरीक्षण न करता पत्नीस वर्षानुवर्षे औषधे चालू असल्याची उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असतील.

अपरा : द्वारपाल

आता गर्भाकडे वळू. गर्भावस्थेत मातेचे कॉर्टिसॉल स्वभावतःच वाढत जाते आणि शेवटच्या तिमाहीत ते सुमारे २ ते ३ पट होते. मग गर्भाचे रक्षण कसे होते? अपरेत ११-बीटा हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजिनेज, प्रकार २ या नावाचे एक विकर असते. ते मातेकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे मातेच्या कॉर्टिसॉलचा साधारण १० ते २० टक्के अंशच गर्भापर्यंत सक्रिय रूपात पोहोचतो. बीटामेथॅसोन व डेक्सामेथॅसोन ही औषधे मात्र या विकराकडून फारशी निष्क्रिय होत नाहीत; म्हणून तर ती मातेस देऊन गर्भाच्या फुप्फुसांपर्यंत पोहोचविता येतात.

हे द्वार पूर्णतः बंद नाही. मातेच्या रक्तातील पातळी फार वाढली तर त्याचा काही अंश पलीकडे जातो. आणि अतिचिंतेच्या अवस्थेत अपरेतील या विकराचे कार्यच कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. दुसरी गोष्ट अशी की, अपरा स्वतःही सी.आर.एच. निर्माण करते. हायपोथॅलॅमसमधील सी.आर.एच.ला कॉर्टिसॉल थांबविते, अपरेतील सी.आर.एच.ला ते उलट वाढविते. मॅक्लीन व सहकाऱ्यांनी १९९५ साली हे अपरेतील सी.आर.एच. म्हणजे प्रसवकालाचे जणू घड्याळ आहे असे प्रतिपादन केले. दीर्घ ताण आणि अकाल प्रसव यांच्या संबंधाचा एक मार्ग येथून जात असावा. तिसरा मार्ग रक्ताभिसरणाचा. १९९९ साली लंडन येथे १०० गर्भिणींच्या तपासणीत अधिक चिंताग्रस्त स्त्रियांच्या गर्भाशयधमनींत रक्तप्रवाहास अधिक अवरोध आढळला; नंतरचे सर्व अभ्यास मात्र याविषयी एकमत नाहीत.

रसवाहिनींनी जोडलेल्या दोन हृदयांची कल्पना आणि अपरेची ही क्रिया एकच आहेत असे म्हणणे अयोग्य होईल. परंतु मातेच्या मनाची अवस्था रसाच्या द्वारे गर्भापर्यंत जाते, ही दिशा आचार्यांनी अचूक हेरली होती, एवढे निश्चित म्हणता येते.

गर्भावरील परिणाम : निरीक्षणे

मानवी गर्भिणींस मुद्दाम ताण देऊन प्रयोग करता येत नाही. म्हणून संशोधकांस आपत्तींकडे वळावे लागते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये गोठणाऱ्या पावसाचे भीषण वादळ आले. ऐन हिवाळ्यात ३० लाखांहून अधिक लोकांची वीज गेली. कोणाची काही तास, कोणाची पाच आठवड्यांहून अधिक. मॉन्ट्रियलच्या सुझान किंग यांनी त्या वेळी गर्भिणी असलेल्या स्त्रियांची नोंद करून त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांनी ताणाचे दोन भाग स्वतंत्रपणे मोजले. एक, प्रत्यक्ष हालअपेष्टा : वीज किती दिवस नव्हती, घराचे नुकसान किती, किती वेळा स्थलांतर करावे लागले. दुसरा, स्त्रीस वाटलेला मनस्ताप.

दोन वर्षांच्या वयात अधिक हालअपेष्टा सोसलेल्या मातांच्या मुलांची बुद्धी व भाषा यांची वाढ तुलनेने मागे आढळली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, त्या मुलांच्या किशोरवयातील रक्तपेशींमधील जनुकांवरील मिथिल-खुणा मातेच्या प्रत्यक्ष हालअपेष्टांशी निगडित आढळल्या. तिने सांगितलेल्या मनस्तापाशी नव्हे. काही अन्य परिणामांत मनस्तापाचाही वाटा दिसला आहे. तरीही मुख्य बोध विचार करावयास लावणारा आहे. गर्भावर ठसा उमटतो तो पुष्कळदा आईच्या मनाच्या दुर्बलतेचा नसून तिच्यावर आलेल्या परिस्थितीचा असतो.

आपल्या महाराष्ट्रातील पुरावा याच दिशेचा आहे. पुण्याजवळील ६ खेड्यांत गर्भिणींच्या पोषणाचा जो सुप्रसिद्ध अभ्यास १९९३ पासून झाला, त्यातील २००३ सालच्या निबंधात गर्भावस्थेतील शारीरिक श्रमांचा विचार केला आहे. ज्या स्त्रियांचे श्रम अधिक, त्यांच्या बालकांचे जन्मवजन व शिरःपरिघ कमी, असा संबंध त्यात दिसला. शेतातील काम आणि घरकाम यांचे ओझे 'मन प्रसन्न ठेव' या उपदेशाने हलके होत नाही.

न्यूयॉर्क येथील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी त्या परिसरात असलेल्या ३८ गर्भिणींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या मातांना आघातोत्तर मनोविकार जडला, त्यांच्या सुमारे एक वर्षाच्या बालकांच्या लाळेतही कॉर्टिसॉलची पातळी कमी आढळली. शेवटच्या तिमाहीत आघात झालेल्यांत हे अधिक स्पष्ट होते. कॉर्टिसॉल येथे कमी झाले, वाढले नाही, हे ध्यानात घ्यावे; ताण म्हणजे अधिक कॉर्टिसॉल हे समीकरण इतके सरळ नाही.

याबरोबरच दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी प्रत्येक गर्भिणीस सांगितल्या पाहिजेत. पहिली : निरोगी, सुस्थित स्त्रियांच्या २००६ सालच्या एका अभ्यासात गर्भावस्थेत सौम्य ते मध्यम चिंता असलेल्या मातांची मुले दोन वर्षांच्या वयात मागे पडली नव्हती, किंबहुना किंचित पुढेच होती. नित्याच्या काळज्यांनी, एखाद्या भांडणाने किंवा रडण्याने गर्भास इजा होत नाही. दुसरी : गर्भावरील ठसा ही ललाटरेषा नव्हे. लंडन येथील २०१० सालच्या अभ्यासात गर्भोदकातील अधिक कॉर्टिसॉल आणि बालकाची मंद बौद्धिक वाढ यांचा संबंध, आईशी सुरक्षित जिव्हाळा निर्माण झालेल्या बालकांत आढळला नाही. जन्मानंतरचे प्रेम पुष्कळ काही भरून काढते. हे प्रेम देण्यास मात्र आईला विश्रांती व आधार मिळावा लागतो.

यष्टिमधु : आपल्या चिकित्सेपुढील प्रश्न

अपरेतील ज्या विकराचा वर उल्लेख केला, त्यास बाधा आणणारे द्रव्य आपल्याच औषधालयात आहे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन शरीरात गेल्यावर या विकराचे कार्य रोखते. वृक्कातही हेच विकर असल्याने ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढणे, सूज येणे व रक्तातील पोटॅशियम घटणे हे आपणांस ठाऊक आहे. गर्भावस्थेत त्याचा अर्थ असा की, द्वारपालास निष्क्रिय केल्यास मातेचे कॉर्टिसॉल अधिक प्रमाणात गर्भाकडे जाऊ शकते.

फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-मिठाया पुष्कळ खाल्ल्या जातात. तेथील ३७८ मुलांचा, सरासरी साडेबारा वर्षांच्या वयातील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेत आठवड्यास ५०० मिलिग्रॅम किंवा अधिक ग्लिसिरायझिन घेतलेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक, अल्प सेवन करणाऱ्या मातांच्या मुलांपेक्षा सुमारे ७ गुणांनी कमी आढळला आणि अवधानाच्या तक्रारी अधिक आढळल्या. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. अन्य कारणांचा प्रभाव पूर्णतः वगळता येत नाही. तथापि फिनलंडच्या आरोग्यसंस्थेने २०१६ पासून गर्भिणींसाठी ज्येष्ठमध अयोग्य पदार्थांत समाविष्ट केले आहे.

आता आपले गणित मांडू. युरोपीय औषधिकोशानुसार ज्येष्ठमधाच्या मुळात किमान ४ टक्के ग्लिसिरायझिक आम्ल असावे लागते. म्हणजे १ ग्रॅम चूर्णात सुमारे ४० मिलिग्रॅम. प्रतिदिन ३ ग्रॅम चूर्ण दिल्यास आठवड्यास सुमारे ८४० मिलिग्रॅम होतात, म्हणजेच वरील मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे. काढा वा सिद्ध घृत यांत किती अंश उतरतो हे निर्मितीनुसार बदलते. सुश्रुतांनी गर्भस्रावाच्या मासानुमासिक योगांत पहिल्या महिन्यासाठी यष्टिमधु सांगितले आहे, हे मी विसरलेलो नाही. परंतु विशिष्ट महिन्यात, विशिष्ट व्याधीत, अन्य द्रव्यांसह दिलेला योग वेगळा आणि खोकला, आम्लपित्त वा 'बल्य' म्हणून महिनोन्‌महिने दिलेले सुटे चूर्ण वेगळे. मी स्वतः गर्भिणीत यष्टिमधूचा दीर्घकाळ आभ्यंतर प्रयोग थांबविला आहे. बाह्य लेपाचा प्रश्न निराळा. वैद्यबंधूंनी यावर साधकबाधक चर्चा करावी, अशी विनंती आहे.

तीच गोष्ट अश्वगंधेची. ताण कमी करणारे औषध म्हणून तिचा सर्वत्र बोलबाला आहे आणि स्त्रिया स्वतःच विकत आणून ती घेतात. गर्भावस्थेतील तिच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा उपलब्ध नाही. गर्भधारणेसाठी प्रयत्न करणाऱ्या प्रत्येक स्त्रीस, ती काय घेत आहे हे विचारून, दिवस राहताच ते थांबविण्यास सांगावे.

चिकित्सकाचे कर्तव्य

वरील विवेचनातून व्यवहारासाठी जे निघते ते संक्षेपाने असे :

१. रुग्णेशी किमान दहा मिनिटे एकटीशी बोलावे. "टेन्शन आहे का?" असे न विचारता, "कधी उठता, कधी जेवता, काय जेवता, कधी झोपता, घरात कोणी हात उगारतो का, पैसे कोणाच्या हाती असतात?" असे विचारावे. उत्तरे तेथेच मिळतात.

२. वजन घटलेल्या, पाळी लांबलेल्या स्त्रीत आहार व विश्रांती ही पहिली चिकित्सा. दूध, तूप, वेळेवर ताजे अन्न आणि पुरेशी झोप ही औषधाइतकीच काटेकोरपणे लिहून द्यावीत.

३. परिचारकांची चिकित्सा करावी. पतीस व ज्येष्ठ स्त्रियांस समोर बसवून तैलपात्राचा दृष्टांत त्यांना सांगावा, गर्भिणीस नव्हे. कोणते काम कोण उचलणार हे नावानिशी ठरवून घ्यावे.

४. नैराश्य ओळखावे. एडिनबरो येथील १० प्रश्नांची मापनपद्धती गर्भावस्थेतही वापरता येते. आत्मघाताचा विचार दिसल्यास तत्काळ मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. आधीपासून चालू असलेली मनोविकारांची औषधे स्वतःहून बंद करवू नयेत. आजार उलटणे हेही गर्भास घातकच असते. शासनाची टेलि-मानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिची माहिती द्यावी.

५. अवास्तव आश्वासने देऊ नयेत. मंत्रश्रवण, संगीत, प्राणायाम यांनी मातेस शांती लाभत असेल तर ते अवश्य करावे. परंतु त्याने बालक अमुक इतके बुद्धिमान होईल असे सांगणे म्हणजे, तसे न झाल्यास दोष मातेच्या माथी मारण्याची आगाऊ तरतूद करणे होय. गर्भपात वा मृतजन्म झालेल्या स्त्रीस "तू विचार फार करतेस" असे कोणीही म्हणू नये, वैद्याने तर मुळीच नाही.

उपसंहार

प्रारंभी उल्लेखिलेल्या दांपत्यास मी औषध अल्पच दिले. पतीच्या नावे मात्र एक वेगळी चिठ्ठी लिहिली : सकाळचे डबे त्याने करावेत, रात्री साडेआठला दोघांनी एकत्र जेवावे, आणि पाळीविषयी घरात कोणी प्रश्न विचारू नये. सासूबाईंना चिठ्ठी आवडली नाही. दुसऱ्या भेटीस त्या आल्या नाहीत. पती मात्र आला. शुक्रपरीक्षणही झाले आणि त्यातही किरकोळ दोष निघाला. सहा-सात महिन्यांत स्त्रीचे वजन भरले व पाळी नियमित झाली. त्यानंतर ते दांपत्य दुसऱ्या गावी गेले. पुढे दिवस राहिले की नाही हे मला कळले नाही. पण शेवटच्या भेटीत ती मान वर करून बोलत होती.

सौमनस्य हे गर्भधारणेस श्रेष्ठ आहे, यात संशय नाही. प्रश्न एवढाच की ते कोणाकडून मागावयाचे. भरलेले पात्र ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडून ते मागावे, आणि त्या हातांत वैद्याचाही एक हात आहे, याचे विस्मरण आपणांस होऊ नये.